घरात जिम करायची म्हणता? आधी घरातली माणसे बघा

मोहल्ल्यातल्या घरांत आधी फ्रिज आला, मग वॉशिंग मशीन, मग एसी. आता पाळी ट्रेडमिलची आहे. कुणाच्या अब्बूंना शुगर निघते, कुणाच्या अम्मीचे गुडघे धरतात, डॉक्टर ‘रोज चालत जा’ म्हणतात आणि मुलगा त्याच रात्री मोबाईलवर मशीन मागवून मोकळा होतो. नियत चांगलीच असते. पण सहा महिन्यांनी त्या घरी जाऊन बघा. मशीनच्या दांड्यांवर धुतलेले दुपट्टे वाळत असतात आणि अब्बू शेजारच्या दिवाणावर चहात बिस्किट बुडवत बसलेले असतात. तीस-चाळीस हजार गेले आणि शुगर होती तिथेच राहिली.

पैशांचे एक वेळ सोडून देऊ. त्याहून मोठे नुकसान म्हणजे ‘व्यायाम आपल्याच्याने होत नाही’ हे घरातल्या सगळ्यांच्या मनात पक्के बसते. मग पुढे कुणी साधी दोरीसुद्धा आणायला तयार होत नाही.

आम्ही शाळेत शिकवतो, जिम चालवत नाही. पण पालक भेटले की गोष्ट मुलांच्या मार्कांवरून घरच्यांच्या तब्येतीवर येतेच, आणि मग हमखास प्रश्न येतो, ‘सर, कोणती मशीन घ्यावी?’ आम्हाला वाटते, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की मशीन कुणासाठी घ्यायची?

आधी थोडे आकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल लागते. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंवर जोर पडेल असा व्यायाम लागतो. वय ६५ च्या पुढे गेले की तोल सांभाळण्याचा सरावही हवा, आठवड्यातून तीन दिवस. यातले पहिले सगळ्यांना माहीत असते, कारण डॉक्टर तेच सांगतात. स्नायूंचे आणि तोलाचे कुणी सांगतच नाही. आणि ट्रेडमिलवर फक्त पहिले साधते.

बरे, ते पहिले पुरुषांना फुकट मिळते. मशीद घरापासून दहा मिनिटांवर असेल आणि दिवसातून दोन नमाजांना गाडी न काढता पायी गेलात, तर जाऊन-येऊन ४० मिनिटे होतात. आठवड्याची झाली २८०. चाल मात्र जरा झपाझप हवी. चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण नात म्हणता येऊ नये, इतका दम लागला की ती मध्यम श्रमाची चाल समजा. त्यामुळे ज्या अब्बूंचे पाय धड आहेत त्यांच्यासाठी घरात ट्रेडमिल आणणे म्हणजे नदीकाठच्या घरात पाण्याचा टँकर मागवण्यासारखे आहे.

मग घरातला व्यायाम कुणाला लागतो? जी माणसे बाहेर जात नाहीत, किंवा जाऊ शकत नाहीत, त्यांना. सकाळी पाचला मैदानात फिरायला जाणे अम्मीला जमत नाही. सुनेला दोन लेकरे सोडून जिमला जाता येत नाही. गेलीच तर तिथे बायकांसाठी वेगळी वेळ नसते, वेगळी ट्रेनर नसते, भिंतीला आरसे आणि दाराशी टवाळ पोरे. कॉलेजात जाणारी लेक घर ते बस एवढेच चालते. दादीला तर उंबरठा ओलांडायलाही हात धरावा लागतो. खरेदी करतो मुलगा, निवडतो मुलगा, व्हिडिओ बघतो मुलगा. आणि तो स्वतः तर चौकातल्या जिमला महिन्याची फी भरून जातोच आहे. घरची जिम ही घरात राहणाऱ्यांची. हे एकदा ठरले की सामानाची यादी आपोआप बदलते, आणि सहसा स्वस्तही होते.

बायकांनी घरात व्यायाम करायचा म्हटले की अजून काही घरांत तोंडे वाकडी होतात. त्यांनी एवढेच आठवावे, की हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे कधीतरी प्रेषित (स.) जिंकले.

दुसरे टोक म्हणजे ‘पाच वेळच्या नमाजमध्ये व्यायाम होतो की, वेगळा कशाला?’ नमाज इबादत आहे, तिला कसरतीच्या मापाने मोजू नये. हालचाल होते, सांधे मोकळे राहतात, हे खरेच. पण आमच्या मते गोष्ट उलटी आहे. नमाजसाठी अंगात ताकद लागते. सजद्यातून उठून सरळ उभे राहायला मांड्या लागतात, कंबर लागते, तोल लागतो. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या कितीतरी बायका आज खुर्चीवर नमाज पढतात. ज्यांचा आजारच तसा आहे त्यांना शरीअतने सवलत दिली आहे, त्यावर बोलायचे काही कारण नाही. पण काहींच्या बाबतीत गुडघ्याइतकाच दोष मांडीच्या स्नायूंचा असतो. ते वापराविना इतके ढिले पडतात, की शरीराचा भार पेलत नाहीत आणि सगळा ताण सांध्यावर येतो. गुडघ्याच्या झिजेवर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मांडीच्या व्यायामाचा सल्ला देतात तो यासाठीच.

तर अम्मीसाठी पहिले साधन कोणते? घरातली खुर्ची. ऐकून हसू येईल, पण तीच. मात्र प्लास्टिकची हलकी खुर्ची नको. फरशीवर ती मागे सरकते आणि माणूस आपटतो. लाकडी किंवा लोखंडी, चार पायांची, चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सुरुवातीला बैठकीवर उशी ठेवा म्हणजे उंची वाढते. हात न टेकता उभे राहायचे, मग सावकाश बसायचे, धपकन नाही. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा आठ-दहा वेळा. एक दिवसाआड. जमू लागले की उशी काढा. त्याच खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणे आणि एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, हा झाला तोलाचा सराव. गुडघा सुजलेला असेल किंवा ऑपरेशन झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

यानंतर पैसे खर्च करायचे. चटई, रबरी पट्टे आणि डंबेल, या क्रमाने.

चटईबद्दल फार बोलण्यासारखे नाही. सहा मिलिमीटर जाडीची साधी योगा मॅट पुरते. जानमाजवर व्यायाम करू नये, ती घसरते. आणि जानमाजचा अदबही राहतो. जड डंबेल वापरणार असाल तर एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या मिळतात, त्या अंथरा. फरशी वाचते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी सलाम करायचे थांबत नाहीत.

रबरी पट्टे, ज्याला दुकानात रेझिस्टन्स बँड म्हणतात, ही आमच्या मते सगळ्यात कमी लेखलेली वस्तू. काही शे रुपयांत तीन-चार ताकदीचे पट्टे येतात, उशीच्या खोळीत मावतात, आवाज करत नाहीत आणि लेकरांच्या पायावर पडून बोट फोडत नाहीत. दुपारी मुले शाळेत, पुरुष कामावर, दार लावून घेतले की वीस मिनिटांत पाठ, खांदे, दंड, मांड्या सगळ्यांना काम मिळते. घेताना एक लक्षात ठेवा. लाल म्हणजे हलका, काळा म्हणजे कडक, असा काही सगळ्या कंपन्यांचा एक नियम नाही. एकाचा हिरवा तो दुसऱ्याचा पिवळा असू शकतो. म्हणून रंगावर जाऊ नका, डब्यावर किती किलोचा ताण लिहिला आहे ते बघा आणि हाताने ताणून बघा. दुसरे म्हणजे हे रबर उन्हाने आणि तेलाने चिरते. वापरण्याआधी दर वेळी उजेडात धरून बघा. बारीक चीर दिसली तर सरळ फेकून द्या, कारण तुटलेला पट्टा चाबकासारखा तोंडावर येतो. दाराला अडकवायचा असेल तर बंद दाराच्या बिजागरीच्या बाजूला अडकवा, आणि दार आपल्याकडे उघडणारे नसावे.

डंबेलमध्ये दोन जाती दिसतात. एक रंगीत प्लास्टिकचे, आत सिमेंट किंवा वाळू भरलेले. ते स्वस्त असतात, पण आकाराने ढब्बू, आणि दोन-चार वेळा पडले की तडकतात. दुसरे ओतीव लोखंडाचे. महाग वाटतात, पण लोखंड खराब होत नाही. दहा वर्षांनीही पाच किलो पाच किलोच राहते. म्हणूनच लोखंड जुने घ्यायला हरकत नाही. एखादी जिम बंद होते तेव्हा प्लेटा किलोच्या भावाने मिळतात; गंज घासून रंग मारला की झाले. फक्त भोक मोजा. घरगुती रॉडच्या प्लेटांचे भोक साधारण इंचभराच्या आसपास असते, मोठ्या जिममधल्या ऑलिम्पिक रॉडच्या प्लेटांचे ५० मिलिमीटरचे. एकीचे दुसऱ्यात बसत नाही. घरात चार माणसे वापरणार असतील तर प्लेटा बदलता येतील असा जोड घेणे फायद्याचे. सुनेला दोन किलो, नवऱ्याला दहा, एकाच सामानात. प्लेटा अडकवायच्या टोप्या आट्यांच्या घ्या आणि दर वेळी घट्ट पिळा. नुसत्या स्प्रिंगच्या क्लिपा ढिल्या होतात आणि डोक्यावर वजन नेताना प्लेट सुटली तर काय होईल ते सांगायला नको.

बीपी असलेल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडू नये. उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम उसळते.

इथे थोडे विषयांतर होईल, पण उर्दू शिकलेल्या माणसाला राहवत नाही. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. तोच शब्द कोल्हापूर-सांगलीकडे मराठीत आला तो आखाडा होऊन. गल्लोगल्ली तालमी झाल्या, आणि त्या तालमींच्या लाल मातीत हिंदूंची पोरे आणि मुसलमानांची पोरे एकाच वस्तादाच्या हाताखाली जोर-बैठका काढत आली. त्यांच्याकडे काय सामान होते? लाकडी मुद्गल, दगडी गोटी, एक दोर. आणि जोर-बैठकांना तर काहीच लागत नाही. आजही आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने महागडे सामान मागितले तर त्याला आधी विचारा, सलग वीस जोर निघतात का? निघत नसतील तर सामान थांबू शकते. प्रोटीनचा डबा तर नक्कीच थांबू शकतो; त्याच पैशांत अंडी, डाळ, दूध आणि महिन्यातून चार वेळा चांगली मासळी येते. दाराच्या चौकटीत अडकवायचा पुल-अपचा दांडा मुलांना फार आवडतो, पण जुन्या घरातली कुजकी लाकडी चौकट आणि नव्या फ्लॅटची पातळ चौकट, दोन्ही त्याला लायक नसतात. भिंतीत बोल्टने पक्का बसवता येत असेल तरच घ्या.

आता मशीन

इतके सांगूनही मशीन घ्यायचीच असेल, तर मोजपट्टी हातात घ्या. साधारण ट्रेडमिल साडेपाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद असते. पण तिच्या मागे निदान दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट जागा रिकामी लागते. कारण पट्ट्यावरचा माणूस पडला तर मागे फेकला जातो. तिथे भिंत किंवा कपाट असेल तर तो पट्टा आणि भिंत यांच्यात अडकतो. दोन्ही मिळून झाले बारा फूट. मुंब्र्या-भिवंडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीची पूर्ण लांबी यातच गेली. ‘फोल्ड होते’ असे विक्रेता सांगेल. होते, पण चाळीस-पन्नास किलोचे धूड रोज उघडून रोज मिटवणारा कोण आहे, ते घरात आधी ठरवा.

विजेचेही बघा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. दोन हॉर्सपॉवरची मोटर भारावर चालली तर दीड हजार वॅटच्या आसपास ओढते, म्हणजे मोबाईल चार्ज करतो ते छोटे ६ अँपियरचे प्लग तिला पुरत नाही. १६ अँपियरचे मोठे प्लग आणि चालू अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘पीक’ हॉर्सपॉवर लिहितात. तो क्षणभराचा आकडा असतो. सतत चालण्याचा, म्हणजे ‘कंटिन्युअस’ आकडा विचारा. तो सांगायला दुकानदार चाचरला तर पुढचे दुकान बघा. माणसाच्या वजनाची मर्यादा बघा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसापेक्षा ती निदान वीस किलो जास्त असू द्या. पट्ट्याला मधूनमधून सिलिकॉनचे तेल लागते. तालुक्याच्या गावी राहत असाल तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

लहान मुले असलेल्या घराला आमचा सल्ला स्पष्ट आहे: ट्रेडमिल नको. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत पेलोटन कंपनीला आपल्या ट्रेड प्लस या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास मशिनी परत मागवाव्या लागल्या. मशीनच्या मागच्या बाजूला खाली ओढले गेल्याच्या अनेक घटना झाल्या होत्या आणि त्यात सहा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला होता. मॉडेल कुठलेही असो, फिरता पट्टा आणि रांगते लेकरू एका खोलीत नको. मशीन आधीच घरात असेल तर सुरक्षेची लाल किल्ली काम झाल्यावर काढून कपाटात कुलपात ठेवा. ती अडकवल्याशिवाय पट्टा फिरत नाही.

आमच्या मते गुडघे दुखणाऱ्या अम्मीसाठी आणि शुगरवाल्या अब्बूंसाठी ट्रेडमिलपेक्षा सायकल बरी. जागा तीन-चार फुटांची लागते, साध्या सायकलीला वीजही लागत नाही, पडण्याची भीती कमी आणि गुडघ्यावर शरीराचा भार येत नाही. त्यातही पाठ टेकून बसता येते अशी सायकल वयस्करांना सोपी जाते. चुंबकाच्या ब्रेकची घ्या, आवाज होत नाही. पंख्याची एअर बाईक घरघरते आणि फजरनंतर अख्ख्या घराला उठवते. सीट इतकी उंच ठेवा, की पायडल सर्वात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली ठेवून चालवणे हेच गुडघे आणखी दुखण्याचे नेहमीचे कारण. बायकांसाठी एक गोष्ट विक्रेता कधी सांगणार नाही: फिरते चाक पूर्ण झाकलेले हवे, आणि सलवारचा पायचा घोट्यापाशी रबराने बांधावा, दुपट्टा बाजूला ठेवावा. पायडलच्या दांड्यात कपडा गुंतला तर चाक लगेच थांबत नाही. आणि सायकल अशा खोलीत ठेवा जिथे पाहुणे येत नाहीत. दिवाणखान्यात ठेवली की कुणी आले, उठली. कुणी आले, उठली. असे चार वेळा झाले की सून बसायचेच सोडून देते.

शुगरवाल्यांसाठी दोन गोष्टी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे हालचाल केली की काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरची उसळी कमी राहते. त्यामुळे एकदम तासभर घाम गाळण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर थोडे-थोडे चाललेले किंवा पायडल मारलेले चांगले. मात्र इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर फार खाली जाऊ शकते. हात थरथरले, घाम फुटला तर थांबा, जवळ ग्लुकोज ठेवा, आणि रोजा असताना काय करायचे ते रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पायांना मुंग्या येत असतील तर घरातही अनवाणी व्यायाम नको. जखम झालेली कळत नाही.

राहिले पैसे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ वाचून बरेच जण समजतात, की व्याजाचा संबंध नाही. क्रेडिट कार्डाच्या बिलाचा कागद नीट बघा. बँक व्याज लावते, दुकानदार तेवढीच रक्कम सुरुवातीला सूट म्हणून देतो, म्हणून हिशेब बरोबरीत दिसतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर अनेकदा प्रोसेसिंग फी असते. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना बजावले आहे. सूदपासून लांब राहू इच्छिणाऱ्यांनी याचा विचार स्वतः करावा, आलिमांना विचारावे. आमचा साधा मार्ग असा: आज चटई, पट्टे आणि एक डंबेलचा जोड रोखीने घ्या आणि सायकलीसाठी दर महिन्याला वेगळ्या डब्यात पैसे टाका. कॅलेंडरवर, ज्या दिवशी ज्याने व्यायाम केला त्याच्या नावाचे अक्षर लिहा. तीन महिन्यांनी अम्मीची आणि सुनेची अक्षरे निम्म्याहून जास्त दिवसांवर दिसली, तर डबा उघडा आणि दोघींना सोबत घेऊन दुकानात जा. सीटवर बसून पाच मिनिटे पायडल त्यांनाच मारू द्या. मशीन घरी पोचली की माणूस जायच्या आधी जोडून घ्या, आवाज ऐका आणि वॉरंटीच्या कार्डावर तारीख व शिक्का मारून घ्या.